दीड किलोचा जीव

बयाबाईंचं सगळं आयुष्य वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या धनगरवस्तीवर शेरडं राखण्यात गेलं. गुडघे चालेनात तेव्हा शेरडं विकली आणि त्या खाली विंझरला लेकाकडे, सिद्धनाथकडे, राहायला आल्या. घर पक्कं होतं, पंखा होता. पण पहाटे जाग आली की त्या कान देऊन पडायच्या, आणि कुठूनच बें-बें ऐकू यायचं नाही.

आईचं मन रमावं म्हणून सिद्धनाथनं पुण्याहून पॉमेरियनचं दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. बयाबाईंनी त्याला वस्तीवरच्या कुत्र्यांसारखंच वाढलं. दुधात कुस्करलेली भाकरी, वर मटणाचा रस्सा. दुसऱ्याच दिवशी ते ओकायला लागलं, जुलाबानं मलूल पडलं. सून नूतन दोघांना घेऊन वेल्ह्याला जनावरांच्या डॉक्टरकडे गेली.

"आजी, दीड किलोचा जीव आहे हा," डॉक्टर म्हणाले. "कांदा-लसूण त्याला विषासारखं. द्राक्षं, चॉकलेट नको, कोंबडीची हाडं नकोत. दोन दिवस मऊ भात आणि नुसतं उकडलेलं चिकन द्या. मग लहान जातीच्या पिल्लांसाठी बारीक दाण्यांचं खाणं मिळतं, ते हळूहळू मिसळत जा. कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चारदा, थोडं थोडं."

परतताना बयाबाई म्हणाल्या, "वाघाच्या तोंडातनं शेरडू वडून आणणारी कुत्री म्या वाढवली, नूतन. आन् आता पिल्लाला चारायचं बी मला येत न्हाई व्हय?"

"येतंय की, आत्या. ह्ये येगळं जनावर हाय, येवढंच."

पाकिटावरचं नूतन वाचून दाखवायची. बयाबाई भिजलेले दाणे बोटांनी चेपून बघायच्या, एकही कडक राहू द्यायच्या नाहीत. महिन्याभरात पिल्लू टुणटुणीत झालं.

एका रविवारी त्यांनी हट्टच धरला. सिद्धनाथनं मोटारसायकलवरून त्यांना वस्तीवर नेलं. पिल्लू मांडीवर, खाण्याचा डबा पिशवीत. गोठ्यात गुडघाभर गवत माजलं होतं. पिल्लू त्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. बयाबाईंनी शेरडांना घालायच्या तशी हाळी घातली. गवतातनं पिल्लू धडपडत आलं. तरी त्या उताराकडे बघतच राहिल्या. मागून कुणी आलं नाही.

"आये, निघायचं?" सिद्धनाथनं विचारलं.

"थांब जरा. ह्येची खायची येळ झाली."

त्यांनी दगडावर बसून डबा उघडला.