आत्यानं आणलेले परीक्षक

पार्लरमध्ये हेअरस्प्रेचा वास आला की मला आमच्या राजारामपुरीतल्या घराची बैठकीची खोली आठवते. देशातल्या दोन मुलींनी जगाचे मुकुट आणले, त्या वर्षी मलाही मुंबईच्या राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत उतरायचं होतं. बाबांचा नकार होता; घरात माझ्या बाजूनं फक्त त्यांची बहीण, माझी आत्या होती. उंच टाचांत चालायचा सराव तिनंच गच्चीवर करून घेतला. एक दिवस म्हणाली, "दादाला पटवलंय मी. परीक्षक घरीच बघायला येणार हायत."

ते आले. त्यातली नऊवारीतली बाई पाहून मला शंका यायला हवी होती. मी केसांवर स्प्रे मारून, ताठ मानेनं चालून दाखवलं.

"फुडं काय करायचा इचार हाय?" बाईंनी विचारलं.

मी पाठ केलेलं उत्तर दिलं, खेड्यातल्या मुलींना शिकवायचंय. बाई आत्याकडे वळून हसल्या. "चुणचुणीत हाय की. भाकरी थापता येती न्हवं?"

मी आत्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून पोह्यांच्या बशा गोळा करत होती.

पेठ वडगावात, त्याच बाईंची सून म्हणून, माझा संसार नीट झाला. नवराही भला निघाला. पण आत्यानं पुढे कितीदा विचारलं, तरी मला काय हवंय ते मी तिला पुन्हा कधी सांगितलं नाही.