बापाचा मणी

परवा बाजारात एकाने ढोलकीचं कातडं शेकायला जाळ केला आणि तो वास नाकात शिरताच पिंपळनेरकडच्या एका पाड्यावरची दुपार आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. मी तेव्हा धुळ्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करत होते, आणि अमळनेरच्या एका लोककलावंत बाईंसोबत त्या आजारावर ढोलकीच्या साथीने खेळ बसवला होता. त्यात बाळाच्या ओंजळीत आई एक विळ्यासारखा वाकडा मणी टाकायची, बाप दुसरा टाकायचा, आणि दोन्ही जमले की बाळ आजारी पडायचं. त्या दिवशी पाड्यावर रक्ततपासणीचं शिबिर होतं, आणि लोक चिंचेखाली मन लावून बघत होते. खेळ संपताच प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, "थोडक्यात काय, सून आणताना पोरीचं रक्त तपासून घ्या." टाळ्या पडल्या. पुढे एक तरुण आई आजारी लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे सासूने असं पाहिलं की माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठून म्हणाले, "साहेब, आजार दोघांकडून येतो, आत्ताच दाखवलं." ते हसले. "मॅडम, लोकांना एवढं खोलात कशाला?" तेव्हा बाईंनी माईक घेतला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "नाना, खेळ परत करूत. आते बाप तुम्ही व्हा." पाहुणे तडक गाडीत बसून निघून गेले. पण ती आई उठली, मागे उभ्या नवऱ्यापाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मंग तुमनं बी रगत तपासा." त्याने एकदा आपल्या आईकडे पाहिलं आणि बाही वर सारली. आजही अशा शिबिरांच्या निमंत्रणावर ‘फक्त महिलांसाठी’ छापून येतं, आणि मी दर वेळी भांडून ते खोडायला लावते.