वर दोन बोटे जागा

भिवंडीजवळच्या काल्हेरमधल्या ज्या गोदामात मी काम करते, तिथे मला सगळे ‘बाई’ म्हणतात. शाळेतल्या विज्ञानाच्या तासांतून मी बाहेर पडले, पण ते संबोधन सुटले नाही. या गोदामातून किराणा घरोघरी जातो आणि तो खोक्यात कसा भरावा हे पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांना शिकवणे हे माझे काम.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आले, की आम्ही मालापेक्षा हवाच जास्त पाठवतो. टूथपेस्टची एक नळी बुटांच्या मापाच्या खोक्यात जात असे. उरलेली पोकळी प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्यांनी भरायची आणि ग्राहकाने त्या कचऱ्यात टाकायच्या. मी साहेबांना, म्हणजे गोदामाच्या व्यवस्थापकांना, एक प्रयोग सुचवला. फुगीर पिशव्या बंद करायच्या. माल मावेल असे सर्वांत लहान खोके निवडायचे, वर थोडी जागा ठेवायची आणि तिथे खाकी कागदाचा एक ताव चुरगळून दाबायचा. जागा कमी असेल तर कागद ताठ राहतो आणि बाटलीला धरून ठेवतो. जास्त असेल तर तो सैल पडतो आणि बाटली आत खेळते.

‘थोडी’ म्हणजे किती, हे सांगणे भाग होते. टेबलावर मोजपट्टी नसते, बोटे मात्र प्रत्येकीजवळ असतात. म्हणून मी फळ्यावर ठळक लिहिले: ‘वर दोन बोटे जागा.’ एक खोके भरून दाखवले. सगळ्यांना समजले. ते वाक्य माझे मलाच फार आवडले होते.

प्रयोगाच्या चौथ्या दिवशी सकाळी सुपरवायझर माझ्याकडे आला. तो पडघ्याकडचा, बोलणे मोजके.

“बाई, तेल परत आलंय. एक न्हाय, थप्पी हाय.”

साहेबांच्या केबिनबाहेर खोकी रचलेली होती. पुठ्ठा तेलाने काळपटला होता. प्रत्येक खोक्यावर भरणाऱ्या टेबलाचा क्रमांक असतो. मी एकेक चिठ्ठी वाचत गेले. सात, सात, सात.

सात नंबरवर आपा असत. भिवंडीतल्या निजामपुऱ्यात त्यांच्या घरचे चार कापडाचे लूम होते. ते भंगारात गेल्यावर त्या इथे आल्या. घरात कमावणारे आता दुसरे कोणी नव्हते.

साहेब म्हणाले, “बाकी टेबलांचा माल नीट पोचला. म्हणजे बाई, तुमची पद्धत बरोबर आहे. चूक पॅकरची. उद्यापासून सात नंबरला बोलवू नका.”

सुपरवायझरने रजिस्टरात नोंद केली आणि म्हणाला, “शिफ्ट सुटली की सांगतो तिला.”

माझी पद्धत बरोबर ठरली, एवढेच मी ऐकले होते. तिथून दहा पावले चालल्यावर मला आठवले, की मी खोके भरून दाखवले त्या दिवशी आपा रजेवर होत्या. त्यांनी फक्त फळा वाचला होता.

मी सात नंबरवर गेले. “आपा, तेलाच्या दोन बाटल्या भरून दाखवा.”

“आज परीक्षा आहे काय, बाई?”

त्यांनी बाटल्या खोक्यात ठेवल्या. मग तर्जनी आणि मधले बोट जोडून बाटलीच्या झाकणावर सरळ उभी केली. खोक्याची कड बोटांच्या मुळाशी आली. “ही दोन बोटं. बरोबर?”

“उभी?”

“मग कशी? भाताला पाणी ठेवताना तुम्ही बोट आडवं घालता?”

शेजारच्या टेबलावरून उत्तर आले, “बाईंकडे कुकर आहे, आपा. त्या शिट्ट्या मोजतात.”

दोघी हसल्या. मी माझी दोन बोटे झाकणावर आडवी ठेवली आणि त्यांची रुंदी दाखवली. उभ्या बोटांची जागा तिच्या दुप्पट भरत होती, म्हणून आपा प्रत्येक वेळी एक माप मोठे खोके घेत होत्या. त्यांचे हसू थांबले.

“फळ्यावर आडवी कुठं लिहिलंय?”

“नाही लिहिलेलं.”

“काय झालंय, बाई?”

मी सगळे सांगितले. त्या कागदाचा ताव चुरगळत होत्या, तो तसाच हातात राहिला.

“साहेब असं बोलले, तेव्हा तुम्ही काय बोललात?”

“काही नाही.”

घड्याळात सव्वाबारा झाले होते. शिफ्ट दोनला सुटते. मी त्यांना घेऊन केबिनमध्ये गेले आणि साहेबांना म्हटले, “चूक माझ्या सूचनेत आहे. दोन्ही प्रकारे भरलेली खोकी टाकून बघा.”

साहेबांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग मान हलवली. आपांनीच दोन खोकी भरली, एक उभ्या बोटांचे, एक आडव्या. सुपरवायझरने पहिले कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडले. थोड्याच वेळात कोपऱ्यातून तेल आले. दुसरे सोडले. कोणी जागचे हलले नाही. शेवटी आपांनी वाकून ते उघडले आणि बाटल्यांवरून कोरडा कागद उचलून साहेबांसमोर धरला.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले, “त्यांना राहू द्या.”

“सुटलात, आपा,” सुपरवायझर म्हणाला.

आपा हलल्या नाहीत. “रजिस्टरात काय लिहिलंय?”

“पॅकरची चूक. खोडतो आता.”

“खोडू नका. खोडलेलं पण वाचता येतं. उद्या दुसरा साहेब येईल, तो तेच वाचेल. बाईंना लिहू द्या.”

साहेब माझ्याकडे वळले. “बाई, हे पान मुख्य ऑफिसात जातं. विचार करा.”

मी पेन घेतले आणि त्याच नोंदीखाली लिहिले: ‘वरील चूक पॅकरची नाही. सूचना अपुरी होती. ती मी लिहिली होती.’ आपांनी एकेक शब्द सावकाश वाचला आणि रजिस्टर पुन्हा माझ्याकडे सरकवले.

“सही राहिली, बाई.”

मी सही केली. त्यांनी ती पाहिली आणि त्या टेबलाकडे निघाल्या. शिफ्ट सुटायला अजून वेळ होता.