इफेससच्या देवीची ओटी

सकाळी जहाजाच्या डेकवरून तुर्कस्तानचा किनारा दिसू लागला तेव्हा मी फोटो काढत होतो आणि अक्का तांदूळ निवडत होती.

"अक्का, समोर बघ की. कुशादासी बंदर आलं."

"आलं तर येऊ दे. ते कुटं पळून जातंय? देवीच्या ओटीत खडा नको जायाला."

अक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून सांगोल्याची डाळिंबाची बाग तीच बघते. माझ्या मुलानं या सफरीची तिकिटं मला आणि बायकोला काढून द्यायची ठरवली होती, पण बायकोनं पाय मोडून घेतला आणि जागा अक्काला मिळाली. ती यायला मुळीच तयार नव्हती. तिची एकुलती एक लेक मनी हैदराबादला, सातवा महिना. आधी दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. शेवटी मनीनंच तिला हाकललं. "आई, तू रोज माझ्या पोटाकडं बघत बसतीस, त्यानं मलाच धसका बसतोय. जा मामासंगं."

निघण्याआधी मी शहाणपणा मिरवत सांगितलं होतं की, इफेसस या प्राचीन नगरीत आर्टेमिस नावाच्या देवीचं भलंमोठं देऊळ होतं आणि ती बाळंतिणींना सांभाळायची. झालं. देवीच्या गावाला रिकाम्या हातानं जाणं आमच्याकडे बसत नाही. खण, तांदूळ, हळकुंड आणि नारळ विमानात अडवतील म्हणून त्याच्या जागी सुपारी, असं सगळं सोलापुरातूनच बांधून आलं होतं.

बंदरावरून टॅक्सी केली. इफेससचा संगमरवरी रस्ता माणसांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की पहिल्या उतारालाच मी घसरलो. शेजारी एक मांजर ऊन खात होतं, त्यानं डोळासुद्धा उघडला नाही. ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत, डोंगरात कोरलेलं प्रचंड नाट्यगृह, मी बघतच राहिलो. अक्काला मात्र आवडले ते मातीचे नळ. दगडाखालून गावभर पाणी फिरवलेलं.

"एवढ्या जुन्या काळात यांच्या घरात नळ, आन् आमच्याकडं अजून टँकर," ती म्हणाली, आणि त्या नळांचे फोटो काढायला लावले.

दुपारी ग्योझलेमे (पालक भरलेली पातळ पोळी) खाल्ली. अक्कानं पिशवीतून शेंगाचटणी काढली, म्हणून ती गोड लागली. मग देवळाकडे निघालो.

देऊळ म्हणजे एका दलदलीत उभा एकच खांब. वर करकोच्याचं घरटं, खाली पाणी, पाण्यात बदकं. मूर्ती नाही, गाभारा नाही, पायरीसुद्धा नाही. मला हे आधीच ठाऊक होतं, पण अक्काला सांगायचा धीर झाला नव्हता. ती बराच वेळ खांबाकडे बघत उभी राहिली.

"देवी कुटं हाय?"

"मूर्ती मिळाल्यात, त्या संग्रहालयात ठेवल्यात. पण तिकडं जायला वेळ नाही. जहाज थांबायचं नाही."

"मग ओटी?"

"इथंच काठावर ठेव."

"चिखलात? बदकं खातील की." तिचा आवाज बारीक झाला. "आन् भरायला आणलेली ओटी माघारी न्यायची नसती, बाळू. मनीचं तसं हाय, आन् मी माघारी नेऊ?"

या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या क्षणी मला त्या पडक्या देवळाचा राग आला.

रस्त्याच्या कडेला डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई गाड्यावर डाळिंबाचा रस काढत होती. डाळिंब दिसल्यावर अक्काला राहवतंय होय? तिनं एक उचललं, बोटानं वाजवलं, देठ पाहिला. बाई म्हणाली, "नार" (डाळिंब). अक्का म्हणाली, "आमचं लई गोड असतंय." दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी अक्कानं मला फोनमधला मनीचा फोटो दाखवायला लावला, स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि मग दोन बोटं दाखवून ती आडवी हलवली. दोनदा गेलं. बाईनं छातीवर हात ठेवला.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "हीसुद्दा देवीच्या गावचीच की."

आणि तिनं खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड सगळं त्या बाईच्या एप्रनमध्ये घातलं. बाई गोंधळली, हसली, आणि मग ढिगातलं सगळ्यात मोठं डाळिंब निवडून तिनं ते अक्काच्या पदरात टाकलं. "तेय्झे" (मावशी) म्हणून तिचा पदर नीट मुठीत धरायला दिला.

अक्का तशीच उभी. दाजी गेल्यापासून तिच्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. लग्नकार्यात ओट्या भरायला लागल्या की ती आपण होऊन स्वयंपाकघरात जाते, हे मी किती वर्षं पाहतोय.

बंदरावर नवीच अडचण. जहाजावर फळ चालत नाही, म्हणून पहारेकऱ्यानं शेजारच्या पिंपाकडे बोट दाखवलं. अक्कानं तिथंच फरशीवर बैठक मारली आणि डाळिंब फोडलं. मला दिलं, रांगेतल्या गोऱ्या म्हातारीला दिलं, पहारेकऱ्यालाही दिलं. त्यानं ते खाल्लं.

"मनीला न्यायचं होतं ना?" मी विचारलं.

"आईनं खाल्लेलं लेकीला पोचतंय," ती दाणे तोंडात टाकत म्हणाली.

घरी परतून लोकांना मी इफेससचे फोटो दाखवले. सगळे खांबापाशी येऊन थांबत आणि पुढं सरकत. मीही फार काही सांगत नसे.

मनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. मुलगी देवीनं दिली की डॉक्टरांनी, यावर मी अक्काशी वाद घालत नाही. बारसं सांगोल्याला झालं. मनीची ओटी भरली गेली, तशी अक्का सवयीनं स्वयंपाकघराकडं वळली. मनीनं तिचा हात धरला आणि सगळ्या बायकांसमोर तिच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. एकदोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मनी म्हणाली, "परक्या मुलखातली बाई भरती, मग मी का नको?"

आमच्याकडे ओटी घेणारीनं त्यातले थोडे दाणे भरणारीला परत द्यायचे असतात. अक्कानं चार दाणे मनीच्या ताटात टाकले. मग आणखी चार उचलून रुमालाच्या टोकाला गाठ मारली आणि माझ्याजवळ आली.

"तिकडच्या बाईचे ऱ्हायलेत," ती म्हणाली. "बाळू, तुजं ते जहाज परत कदी जातंय?"