कडेला उभे असलेले यजमान

“तुमच्या मशीननं माज्या दादाला कापलंय,” केशव दुकानात शिरता शिरताच म्हणाला.

सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. बोरीच्या केशवच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. त्यांची गाण्यांसकट DVD करून दिली होती. ती थोरल्या भावाने आदल्या दिवशी पाहिली आणि तेव्हापासून अबोला धरला. वडिलांमागे याच भावाने केशवला वाढवलं, लग्न लावून दिलं. आणि DVD मध्ये तो नाही, वहिनीही नाही. केशवचे सासरकडचे मात्र अख्खे.

“दादा म्हनायलाय, मुद्दाम कापून घेतलं. उद्या दोघं उसतोडीला निघायलेत. आसंच गेले तर मी काय करू?”

मी फोल्डर उघडलं. आपल्याकडे यजमान कधी मधे उभे राहत नाहीत. पाहुण्यांना मधे सारतात आणि आपण कडेला. प्रत्येक फोटोत एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला वहिनी.

कॅमेऱ्याचा फोटो रुंद असतो, जुना डबा टीव्ही जवळजवळ चौरस. त्यामुळे वर-खाली काळी पट्टी येते; ती नको असेल तर फोटोच्या दोन्ही कडा कापाव्या लागतात. शेकडो फोटो हाताने बसवत बसलो तर बारशाची ऑर्डर आधी येईल, म्हणून मी कमांड वापरतो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचा. फोल्डरमधले सगळे फोटो सांगितलेल्या मापाचे होतात. फोटोत कोण आहे, याच्याशी त्या ओळीला देणंघेणं नसतं.

“पट्टी नको, टीव्हीभर दिसलं पाहिजे, असं कोण म्हणालं होतं?” मी विचारलं.

“मीच.”

“कडेचं जाईल, हे मी सांगितलं होतं.”

तेव्हा तो म्हणाला होता, “कडेला कोन ऱ्हातंय? मांडवाचा खांबच आसंल.” आता तो पडद्यावरच्या दादाकडे बघत होता. मला राग आला होता, पण त्याचं तोंड पाहून गिळला.

मूळ फोटो शाबूत होते. कमांडने बदललेले फोटो मी नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. ओळ बदलली: कापू नको, अख्खा फोटो मावेल एवढा लहान कर, उरलेल्या जागेत हळदीचा रंग भर. आधी एका फोटोवर चालवून पाहिली. दोन्ही टोकं आली. मग सगळ्यांवर चालवली, नवी DVD बर्न केली आणि केशवच्या मागे गाडीवर बसून बोरीला गेलो.

दादाच्या घरात भांडीकुंडी बांधून ठेवली होती. DVD लावली. वहिनी पडद्याजवळ सरकल्या.

“हे बघा, तुमी हायत की,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मी समजावू लागलो, “दादा, ते मशीनचं माप—”

“मशीनचं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले आणि केशवकडे वळले. “पयली शीडी तू बघितली व्हतीस का?”

“व्हय. सासरवाडीत लावली व्हती. दोनदा.”

“मग आमी त्यात न्हाईत, हे तुला दोनदात दिसलं न्हाई?”

केशवला रडू फुटलं. वहिनींनी टीव्ही बंद केला. “बस करा आता. भावजी, जेवून घ्या,” असं केशवला म्हणत त्यांनी बांधलेल्या गाठोड्यातून ताटं परत काढली.

तेव्हापासून DVD देण्याआधी मी ती दुकानात गिऱ्हाइकासमोर लावतो. कसं वाटलं, ते विचारत नाही. कोण दिसत नाही, ते विचारतो.