चालत्या मशीनची मेहमुदा

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेहमुदाआपानं बारा वर्षं कॅमेऱ्यांचं मशीन सांभाळलं. राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास लावून शिकलेली बाई. तिचं एकच तुणतुणं, चालतं मशीन बंद करायचं न्हाय. लोक हसायचे. हसू देत की.

त्या सकाळी हातमोजे मागितले म्हणून ठेकेदार उदयसिंहच्या माणसांनी भट्टीवरच्या कृष्णातला गेटवर लोखंडी गजानं फोडून काढलं. गुडघा फुटला, जबडा निखळला, रक्ताचा ओघळ पार वजनकाट्यापर्यंत गेला. बघणारे पन्नास, पण साक्षीला एकाचंही तोंड उघडेना. पुरावा उरला तो कॅमेऱ्यातला. आणि मशीन बंद करून चालू केलं की मागचं सगळं पुसलं जायचं. ही सोय उदयसिंहनंच करून घेतलेली, हरामखोरानं.

म्हणून आपानं नवी डिस्क चालत्या मशीनलाच जोडली. मशीनच्या डिस्कांच्या यादीत ती दिसेना. दारात कोण आलंय, याचा मशीनला पत्ताच नव्हता. मग तिनं तीन आडव्या रेघांचा हुकूम टाइप केला, म्हणजे डिस्क जोडायची सगळी दारं परत एकदा बघ. यादी पुन्हा काढली, तर तळाला नवी डिस्क हजर. तिनं कॉपी लावली. अकरा मिनिटं लागणार होती.

कुणीतरी चुगली केलीच. चौथ्या मिनिटाला उदयसिंह गज घेऊन आत आला.

"मशीन बंद कर, बाई."

"न्हाय करत."

त्यानं तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि वरनं गज घातला. तीन बोटं कडाकड मोडली. ती किंचाळली, पण टेबलाखालच्या मशीनच्या डब्याकडं नजर जाऊ दिली नाही. स्क्रीन म्हणजेच मशीन, एवढीच त्या गड्याची समज. त्यानं स्क्रीनचा चुराडा केला, तिच्या तोंडावर लाथ घातली आणि "संपला तुझा पिच्चर" म्हणत मिशीवर ताव देत गेला. अक्कल गहाण टाकलेला माणूस! खालचा डबा घरघरतच होता.

ओठातलं रक्त पुसत आपानं गेटवरचा स्क्रीन आणून जोडला. कृष्णातचं सगळं उतरलं होतं. मग डाव्या हातानं तिनं त्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही डिस्कवर घेतलं.

ठाण्यात फौजदारानं दोन्ही मारहाणी शेवटपर्यंत बघितल्या. मग कागद आणि पेन तिच्यापुढं सरकवलं.

"आपा, तुमचीबी तक्रार लिवा की."

तिनं सुजून काळा पडलेला हात टेबलावर ठेवला.

"आधी कृष्णातची, मग माझी. पेन तुमीच धरा."