शेऱ्याच्या रकान्यातला झरा

"अभिनंदन," खैरनार साहेब म्हणाले. "तुमच्या लेखणीनं एक टँकर वाचवला."

मी खुर्चीत जरा सैल बसलो. साहेब कौतुक करतायत अशी माझी समजूत झाली आणि ती अर्धं मिनिट टिकली. मग त्यांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. आत माझाच लेख होता. त्यातल्या 'बारमाही' या शब्दाखाली कुणीतरी लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या होत्या.

"बोरीच्या पाड्याची माणसं बाहेर बसलीयत. शेजारच्या पाड्याला टँकर येतो, मग आम्हाला का नाही, असं विचारतायत. काय सांगू त्यांना? आमचे इंजिनिअर लेखक झालेत, असं सांगू?"

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्याच्या टोकाला होतो. मी मोखाड्याच्या बाजूला पाणीपुरवठ्याच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. नाव मोठं असलं तरी काम साधं. विहिरी, हातपंप, झरे बघायचे, पाणी मोजायचं, फॉर्म भरायचा. आमच्याकडे पावसाळ्यात छत्री केवळ मनाच्या समाधानासाठी धरतात आणि होळी झाली की बायका हंडे घेऊन दऱ्या उतरतात. म्हणून दिवाळीनंतरच हिशेब मांडायचा, की येत्या उन्हाळ्यात कुठल्या पाड्याचं पाणी आटेल, कुठे टँकर लागेल. या यादीला टंचाई आराखडा म्हणतात. यादीत नाव असलं की टँकर येऊन पाड्याच्या विहिरीत पाणी ओततो. नाव नसलं की पाडा दरी उतरतो.

बोरीच्या पाड्याचं नाव दरवर्षी यादीत असायचं. त्या वर्षी ते मी घालवलं. कसं, ते सांगतो.

जव्हारला विद्यापीठाचं एक अभ्यासकेंद्र होतं. तिथं दर रविवारी पर्यावरणविज्ञान लेखनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला. मी नाव घातलं ते पर्यावरणाच्या काळजीनं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण म्हणजे रविवारी मोखाड्यात मला काही काम नसायचं आणि खोलीवरचा टीव्ही फक्त मुंग्या दाखवायचा. वर्गात आम्ही नऊ जण. सात गुरुजी, एक वनरक्षक आणि मी.

शिकवायला कर्णिक मॅडम ठाण्याहून एसटीनं यायच्या. पहिला गृहपाठ होता, 'आपल्या परिसरातील एक जलस्रोत'. मी लिहिलं, "सदर विहिरीचा व्यास पाच मीटर असून सदर विहिरीचे बांधकाम सुस्थितीत आहे. सदर विहिरीवर रहाट नाही." मॅडमनी प्रत्येक 'सदर'भोवती गोल काढला. चौदा गोल झाले.

"यात विहीर आहे, पण पाणी कुठंय?" त्या म्हणाल्या. "मला ते ऐकू आलं पाहिजे. जरा शांत बसा पाण्यापाशी. डोळे मिटा. मग लिहा."

सगळा वर्ग हसला. सदरा घालून आलेला वनरक्षक जास्तच हसला. मी मात्र हे मनावर घेतलं. मॅडम त्यानंतर आणखी एक वाक्य बोलल्या होत्या, "आणि लिहिण्याआधी माहिती तपासा." ते माझ्या वहीत नाही. शेजारच्या गुरुजींच्या वहीत होतं. मी ते मे महिन्यात वाचलं.

दिवाळी झाल्यावर झऱ्यांच्या पाहणीला निघालो. बोरीच्या पाड्याखालच्या झऱ्याशी जीप थांबली. आमचे ड्रायव्हर भोये यांनी नेहमीप्रमाणे मागून बादली काढली. झरा मोजायला याहून मोठं यंत्र लागत नाही. बादली धारेखाली धरायची, ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघायचं. असं तीन वेळा करायचं. वर पाड्यात जाऊन एखाद्या बाईला विचारायचं, पाणी कधीपर्यंत टिकतं. झालं.

"राहू दे, भोये," मी म्हणालो. "बादलीचा आवाज होतो."

भोयेंनी माझ्या कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मी दगडावर बसलो, डोळे मिटले. भोयेंनी दोन विड्या ओढल्या, एक डुलकी काढली. मी लिहिलं, "सह्याद्रीच्या कुशीतून हा बारमाही झरा युगानुयुगे खळाळतो आहे. त्याच्या थेंबाथेंबात अरण्याचं हृदय धडधडतं." बारमाही आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. 'युगानुयुगे'च्या आधी तिथं काहीतरी भरदार हवं होतं, एवढंच. वर पाड्यात जायचं राहिलं. लय तुटली असती.

मॅडमनी 'अ' श्रेणी दिली. खाली लिहिलं, "झरा ऐकू आला." आठ दिवस मी मोखाड्याच्या बाजारातून जमिनीच्या वीतभर वरून चालत होतो.

त्याच आठवड्यात पाहणीचे फॉर्म द्यायचे होते. त्यात रकाने असतात. स्रोताचा प्रकार, मोजणी, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, शेरा. बोरीच्या पाड्याच्या फॉर्मवर मोजणीच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मग मी शेऱ्यात लिहिलं, "सोबतचा लेख पाहावा." आणि लेखाची प्रत टाचणीनं जोडली. साहेबांच्या वाचनात यावा, हीही एक इच्छा होतीच. वरच्या ऑफिसातल्या क्लार्कनं त्याचं काम चोख केलं. लेख वाचत वाचत उपयोगाचा शब्द शोधला, त्याखाली रेघा ओढल्या आणि पाड्याचं नाव यादीतून काढलं. तो लेख शेवटपर्यंत वाचणारा माझ्या माहितीतला तो दुसरा वाचक.

"आता?" मी साहेबांना विचारलं.

"आता जा, मोजा आणि लेखी द्या. मोजलं नव्हतं हेही लेखी द्या. त्याशिवाय नाव परत चढणार नाही. आणि ते लिहिताना डोळे उघडे ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झऱ्यावर पोचलो. ज्या दगडावर मी बसलो होतो तो जागेवर होता. पाणी नव्हतं. खाली ओहोळाच्या वाळूत बायकांनी गुडघाभर खड्डा खणला होता, झिरा. त्यात पाणी हळूहळू पाझरत होतं. एक बाई वाकून ते वाटीनं हंड्यात भरत होती. मागं सहा जणी हंडे मांडून बसल्या होत्या. भरणारी होती बुधीबाई, साठीची असेल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या कलेक्टरलाही अरे-तुरे करतात.

"झरा कुठं गेला?" मी विचारलं. इंजिनिअरला शोभेल असा प्रश्न.

"याचा पानी शिमग्यालाच गेला. दर साली जातो. तू कोन?"

भोये मध्येच म्हणाले, "हेच ते. यांनीच लिवला, झरा बारा महिने वाहतो म्हणून."

सातही जणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"दिवालीच्या टायमाला डोले मिटून बसला व्हतास, तो तू?" बुधीबाई म्हणाली. "आमी वरून बघत व्हतो. म्हनलो, शहरातला मानूस हाय, चक्कर आली असल." सगळ्या हसल्या. मग तिनं विचारलं, "वर का नाय आलास? सांगितला असता."

मी बादली काढली. "जरा मोजू द्या."

"नंबर हाय," मागची एक जण म्हणाली.

मी नंबरात उभा राहिलो. शेवटी बुधीबाईनंच दया केली. "माझ्या नंबरात मोज." मी झिऱ्यात उकिडवा बसलो. वाटी बुडवायची, थांबायचं, परत बुडवायची. बादली भरायला पस्तीस मिनिटं लागली. दिवाळीत हीच बादली मिनिटभरात भरली असती, धरली असती तर. घड्याळ बघितलं, आकडा लिहिला आणि हाताच्या सवयीनं बादली तिरकी केली. मोजून झालं की पाणी ओतायचं आणि पुन्हा मोजायचं, असा आमचा नियम आहे.

"ए! वततोस का काय?"

बुधीबाईनं बादली धरली तेव्हा तिची बोटं माझ्या बोटांवर इतकी घट्ट बसली, की ती पकड मला अजून आठवते. तिनं बादली हिसकली, हंड्यात रिकामी केली, हंडा डोक्यावर घेतला आणि चढ चढायला लागली. दुसरं आणि तिसरं माप मी पुढच्या दोघींच्या हंड्यात घेतलं. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

रिपोर्ट एका पानाचा झाला. किती मिनिटांत किती पाणी, किती घरं, चढ किती. शेवटी लिहिलं, "सदर लेखातील 'बारमाही' हा शब्द मी पाणी न मोजता व कोणासही न विचारता लिहिला होता." साहेबांनी तो दोनदा वाचला.

"एकही विशेषण नाही. तब्येत बरी आहे ना?"

वरच्या सह्या होऊन टँकर यायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस मी आणि भोये सकाळ-संध्याकाळ जीपमध्ये दोन ड्रम टाकून पाड्यावर पाणी नेत होतो. रस्ता असा, की अर्धं पाणी आमच्याच अंगावर यायचं. "साहेब," भोये तिसऱ्या दिवशी शर्ट पिळत म्हणाले, "लेख जरा लांबलाच तुमचा."

अभ्यासक्रमाचा शेवटचा गृहपाठ म्हणून मी तोच रिपोर्ट दिला आणि पहिला लेख मागे घेतला. मॅडमना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मला जास्त लागलं. रिपोर्टला 'ब' मिळाली. खाली शेरा होता, "माहिती चोख. शैली रुक्ष. एक 'सदर' राहिला आहे." तो मी मुद्दाम ठेवला होता. प्रमाणपत्र मिळालं, ते अजून ट्रंकेत आहे.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्या झऱ्यावर गेलो. धार जोरात होती. आधी वर पाड्यात जाऊन बुधीबाईला विचारलं. ती खरं-खोटं बघायला माझ्यामागोमाग खाली आली. मी बादली धरली, घड्याळ बघितलं. बादली भरली. मी ती दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिलो.

"वत आता," ती म्हणाली. "आता चालल."

मी ओतली. तीन वेळा मोजलं. फॉर्ममध्ये महिन्याच्या रकान्यात लिहिलं, "शिमग्यापर्यंत." शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "बुधीबाईस विचारले."